बेलगाम कारभार

कुत्र्यांच्या स्लेजला लगाम नसतो. अलास्कातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत चौदा कुत्री जोडीजोडीने एका लांब दोराला जुंपलेली असतात. दोराच्या शेवटी एक हलकी घसरगाडी असते आणि गाडीच्या मागे, जेमतेम पाऊल मावेल अशा दोन पट्ट्यांवर, एक माणूस उभा असतो. त्याला तिकडे मशर म्हणतात. म्होरक्याचे नाक आणि मशरचे नाक यांच्यात सुमारे वीस मीटरचे अंतर पडते. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हाती निदान कासरा असतो. मशरच्या हाती स्वतःला सावरण्यापुरती दांडी, बाकी सगळा व्यवहार तोंडी. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘हाइक’ म्हणजे चला आणि ‘व्होअ’ म्हणजे थांबा. यांतले पहिले दोन हुकूम शिकवावे लागतात, तिसरा सांगायच्या आधीच पाळला जातो आणि चौथा बराच काळ कोणाला ऐकूच येत नाही.

गाडीवरची सामग्री पाहिली की या धंद्याचे खरे दुखणे कळते. मशरच्या पायाशी एक जाड रबरी पट्टी असते. तिच्यावर उभे राहिले की ती बर्फावर घासते आणि वेग उतरतो. तिच्याजवळ दातेरी लोखंडी ब्रेक असतो, तो जोर लावून दाबला की बर्फात रुततो. शिवाय एक मोठा लोखंडी आकडा असतो. गाडी थांबली की तो टाचेने बर्फात ठोकायचा आणि तो निघणार नाही अशी आशा करायची. वेग कमी करण्याची अशी तीन साधने आहेत. वेग वाढवण्याचे एकही नाही, कारण त्याची गरज अजून कोणाला भासलेली नाही. कुत्र्यांना धावायला शिकवतात हा समज म्हणूनच चुकीचा. धावणे ती पोटातूनच शिकून येतात. ऑगस्टच्या अखेरीपासून मार्चपर्यंत जे शिकवले जाते ते बाकीचे सगळे: थांबणे, थांबलेले राहणे, पाणी पिणे, पायात मोजे घालू देणे, समोरून येणाऱ्यांशी कुरापत न काढणे आणि सांगितल्यावर मुकाट झोपणे.

आता विद्यार्थ्यांविषयी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये एसीपुढे पसरलेला, निळ्या डोळ्यांचा आणि गुबगुबीत केसांचा जो हस्की दिसतो, तो सायबेरियन. त्याच्या जातीची रीतसर नोंद असते. अलास्कात शर्यतीला धावणारा अलास्कन हस्की हा वेगळाच गडी. कोणत्याही केनेल क्लबाने त्याला जात म्हणून मान्यता दिलेली नाही. गावातली जुनी ओढकाम करणारी कुत्री, सायबेरियन, शिकारी पॉइंटर, हाउंड अशा सगळ्यांचे रक्त त्याच्यात आहे. वजन वीस-पंचवीस किलो, रंग कसलाही, कान उभे किंवा पडलेले, जसे वाट्याला येतील तसे. प्रदर्शनात मांडले तर पहिल्या फेरीतच बाहेर काढतील असा हा प्राणी. निवड करताना पत्रिका पाहत नाहीत. पाय बघतात, केस बघतात आणि भूक बघतात. थकल्यावरही जो जेवतो, तो कामाचा. नावे ठेवण्याची रीत मात्र ठरलेली आहे. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावे एकाच विषयावरून ठेवायची: एका वेताला मसाल्यांची, दुसऱ्याला मोटारींची, तिसऱ्याला चीजच्या प्रकारांची. पन्नास-साठ कुत्री बाळगणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. कोण कोणाचा भाऊ हे निदान हाक मारताना तरी कळते.

शाळा भरते तेव्हा बर्फ पडलेला नसतो. म्हणून कुत्री चारचाकी एटीव्हीला जुंपतात. यंत्र चांगले दोन-तीनशे किलोंचे, त्याचे इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि तरीही ओढायची ती कुत्र्यांनीच. इंजिनाचा उपयोग मुख्यतः ब्रेकसारखा. अलास्कात सप्टेंबरची सकाळ पाच-सात अंशांवर असते. मशरला ती कुडकुडायला पुरेशी असते आणि कुत्र्यांना उकाड्याने हैराण करायलाही. या कुत्र्यांना शून्याच्या बऱ्याच खाली, वजा वीसच्या आसपास, बरे वाटते. म्हणून शरद ऋतूतले धडे पहाटे किंवा रात्री. सुरुवातीला चार-पाच किलोमीटर, मग आठ, मग पंधरा, असे करत डिसेंबरपर्यंत एका दमात साठ-सत्तर. वाढ इतक्या बेताने करण्याचे कारण कुत्र्यांचा आळस नव्हे. उत्साह पहिल्या दिवशीच पूर्ण असतो. स्नायुबंध आणि सांधे तयार व्हायला महिने लागतात, आणि या दोन गोष्टींची गाठ घालून देणे हे मशरचे पहिले काम.

सहा-आठ महिन्यांच्या पिल्लाला पहिला साज चढवतात आणि एखाद्या जाणत्या कुत्रीच्या शेजारी जुंपतात. पुढचे शिक्षण तीच देते. पिल्लू दोरात गुंतले, उलटे धावले, शेजारणीच्या कानाशी खेळले, तर ती फक्त एकदा मान वळवून बघते. पिल्लाला ते पुरते. मशरने हेच काम आरडाओरडा करून केले असते तर आठवडा गेला असता.

जुंपणीची अर्धी-पाऊण तास चालणारी वेळ ज्याने पाहिली नाही, त्याने कुत्र्यांचे प्रेमही पाहिले नाही आणि बेशिस्तही. साज हातात दिसला की सगळ्या वाड्यात एकच कल्लोळ उठतो. ज्यांचा आज नंबर आहे ती आनंदाने किंचाळतात आणि ज्यांचा नाही ती दुप्पट. उतावळ्या नवऱ्यांची अशी वरात एरवी कुठे निघत नसेल. जुंपलेली कुत्री चारही पायांवर उंच उडतात, दोराला हिसके देतात. काही जण वाट पाहण्याचा वेळ सत्कारणी लागावा म्हणून साजच चावून तोडतात. चावऱ्यांसाठी दोरात तारेचा गाभा घातलेला मिळतो. या काळात गाडी एखाद्या भक्कम खांबाला किंवा ट्रकला जाड दोराने बांधून ठेवावी लागते. ती गाठ एका ओढीत सुटेल अशी असते, कारण ताण आल्यावर साधी गाठ सोडणे माणसाच्या बोटांना शक्य नाही. गाठ सुटली की गाडी सुटते, आणि त्याच क्षणी सगळा गोंगाट बंद. मग ऐकू येतो तो पंजांचा आणि पट्ट्यांचा आवाज. एवढा तमाशा धावण्यासाठी होता, धावणे सुरू झाले, तक्रार मिटली.

पहिल्याच काही किलोमीटरांत नैसर्गिक विधींचा प्रश्न उभा राहतो. शिष्टाचार सोडून हे लिहावे लागते, कारण प्रशिक्षणात याला मोठे स्थान आहे. नवे कुत्रे विधीसाठी थांबू पाहते. बाकीची तेरा थांबत नाहीत. दोन-तीनदा फरफटल्यावर त्याला धावता धावता उरकण्याची कला साधते. ही कला साधलेल्या चौदा कुत्र्यांच्या बरोबर मागे, त्यांच्याच वाऱ्यात, मशर उभा असतो. तो तक्रार करत नाही. रंग, घट्टपणा आणि वेळ यांवरून कोणाचे पोट बिघडले, कोणाला पाणी कमी पडले, हे त्याला कळते. हेडलाइटच्या उजेडात हे वाचन करता येणे ही जाणत्या मशरची खूण मानली जाते.

मग येतो रस्त्यावरचा शेजारधर्म. वाट गाडीच्या रुंदीपेक्षा जेमतेम मोठी, दोन्ही बाजूंना भुसभुशीत खोल बर्फ, आणि समोरून दुसरी चौदा कुत्री. दोन्ही संघांनी न हुंगता, न गुरगुरता, एकमेकांच्या कुशीला घासून जायचे असते. यासाठी ‘ऑन बाय’ असा हुकूम आहे: बघू नका, चला पुढे. ससा दिसला, तिथेही हाच हुकूम. मूस दिसला तर मात्र हुकूम कुत्र्यांना न देता देवाला द्यावा लागतो. मूस हे चारपाचशे किलो वजनाचे हरीण खोल बर्फात चालून कंटाळते. मशरने खपून दाबलेली, टणक, सरळ वाट त्याला आयतीच सापडते, आणि आयत्या बिळावरचा नागोबा जितका बाजूला होईल तितकाच तो होतो. १९८५ साली अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत सुसान बुचर यांच्या संघात असा मूस घुसला. दोन कुत्री मेली, बरीच जखमी झाली आणि बुचर यांना शर्यत सोडावी लागली. त्या वर्षी लिबी रिडल्स जिंकल्या. ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री त्याच. बुचर यांनी पुढच्या वर्षापासून लागोपाठ तीनदा, आणि नंतर आणखी एकदा जिंकून हिशेब पुरा केला.

अंगावर आलेले मोठे जनावर मशरला स्वसंरक्षणार्थ मारता येते. पण इडिटारॉडचा नियम असा की ते खाण्याजोगे असेल तर पोट फाडून, आतडी काढून ठेवायची, म्हणजे मांस नासत नाही आणि ते माणसांच्या उपयोगी पडते. २०२४ साली डॅलस सीव्ही यांच्या संघात मूस गुंतला. त्यांनी तो पिस्तुलाने मारला आणि आतडी काढून पुढे निघाले. पंचांनी पाहणी करून निर्णय दिला की काम समाधानकारक झालेले नाही, आणि त्यांना दोन तासांचा दंड झाला. दंड भोगूनही ते जिंकले, विक्रमी सहाव्यांदा. शर्यतीच्या मध्यावर खाटीककामाचे गुण कापले जाणारा दुसरा खेळ जगात सापडणे अवघड आहे.

नोव्हेंबरपासून काळोख वाढतो. फेअरबँक्सला डिसेंबरच्या मध्यास सूर्य चार तासही टिकत नाही. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर, लाँगइयरब्येन गावात, तो ऑक्टोबरच्या अखेरीस मावळतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवायचे नाव घेत नाही. तिथे गावाबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलापासून बचावासाठी बंदूक बाळगतात. (त्याच गावात मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांच्या रक्षणासाठी. कुत्र्यांनी अर्ज केला होता असे समजण्याचे कारण नाही.) अंधाराचा कुत्र्यांवर काडीचा परिणाम होत नाही. मशरच्या कपाळावर दिवा असतो. थांबल्यावर सगळी कुत्री एकदम वळून पाहतात तेव्हा त्या उजेडात अठ्ठावीस डोळे हिरवे चमकतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: का थांबलो?

थांबण्याचे एक कारण म्हणजे मोजे. बर्फाचे कण बोटांच्या फटीत गोळा होतात, खरखरीत बर्फाने तळवे सोलतात. म्हणून प्रत्येक पायाला कापडी मोजा, मनगटाशी वेल्क्रोने आवळलेला. चौदा कुत्री म्हणजे छप्पन्न पाय. सैल बांधला तर मोजा शंभर पावलांत वाटेवर पडतो, फार आवळला तर पाऊल सुजते. हे बांधकाम जाड हातमोजे घालून होत नाही. मशर हातमोजे काढतो, चार पाय उरकतो, बोटे काखेत घालून ऊब आणतो, पुढच्या कुत्र्याकडे सरकतो. वजा पस्तीस अंशांत असे चौदा वेळा. दरम्यान पहिल्या कुत्र्याने आपले दोन मोजे दातांनी काढलेले असतात. इडिटारॉडच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कुत्र्यामागे आठ मोजे जवळ असावे लागतात. प्रत्यक्षात हजारभर मोजे संपतात.

खाण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा, कारण खाण्यात ही कुत्री कोणाचे ऐकत नाहीत. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजार कॅलरी किंवा जास्त लागतात, म्हणजे त्याच्या तिप्पट वजनाच्या माणसाच्या चौपट. कोरडे खाणे, गोमांस, चरबी, गोठलेला सामन मासा, कधी बीव्हर. पाणी हा मात्र खरा कसोटीचा विषय. धावणाऱ्या कुत्र्याला भरपूर पाणी लागते, आणि साधे पाणी समोर ठेवले तर ते हुंगून तोंड फिरवते. म्हणून पाण्यात मांसाचे तुकडे टाकून ‘सूप’ करायचे. तुकडे शोधता शोधता पाणी पोटात जाते. हे पाणी मिळवायला स्पिरिटच्या शेगडीवर बर्फ वितळवावे लागते, आणि बादलीभर भुसभुशीत बर्फाचे पाणी किती निघते हे पाहिल्यावर भल्याभल्या मशरची निसर्गभक्ती ओसरते.

हिवाळ्याच्या उत्तरार्धातला सर्वांत अवघड धडा म्हणजे झोप. शर्यतीत साधारण जितके तास धाव तितके तास विश्रांती, अशी पाळी असते. विश्रांती वाया घालवणारे कुत्रे तिसऱ्या दिवशी निकामी होते. पण तरुण कुत्र्याला घराबाहेर, जंगलात, जुंपलेल्या स्थितीत झोपायचे असते हे पटत नाही. ते उभे राहते, भुंकते, शेजाऱ्याला उठवते, पुढे जाणाऱ्या वाटेकडे टक लावून बसते. म्हणून मशर मुद्दाम घरापासून थोड्याच अंतरावर मुक्काम ठोकतो. पेंढा पसरतो, खाऊ घालतो आणि वाट पाहतो. उबदार घर तिथून दिसत असले तरी जायचे नाही. हा धडा कुत्र्यांना जड जातो आणि मशरला अधिक. बऱ्याच मुक्कामांनंतर एक दिवस पेंढा टाकल्याबरोबर चौदाही जण दोन गोल फेऱ्या मारून, वेटोळे करून, नाकावर शेपूट घेऊन घोरू लागतात. त्या दिवशी संघ तयार झाला म्हणायचे.

म्होरक्या मात्र असा तयार करता येत नाही, तो निघावा लागतो. त्याने हुकूम पाळले पाहिजेत आणि हुकूम चुकीचा असेल, पुढचा बर्फ पातळ असेल, तर साफ धुडकावलेही पाहिजेत. कुठला हुकूम कोणत्या वर्गात मोडतो हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच. लेओनार्ड सेप्पाला या मशरचा टोगो हा या बाबतीतला आदर्श. लहानपणी तो आजारी आणि विलक्षण खोडकर होता. सेप्पालांनी त्याला घरी पाळायला म्हणून कोणाला देऊन टाकले, तर खिडकीची काच फोडून तो परत आला. पुढे तोच त्यांचा सर्वोत्तम म्होरक्या ठरला. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा नेनाना या रेल्वे स्टेशनापासून वीस मशर आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी आळीपाळीने औषध पोहोचवले: जवळजवळ १,१०० किलोमीटर, साडेपाच दिवसांत. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा, गोठलेल्या नॉर्टन साउंडवरून जाणारा, बारा वर्षांच्या टोगोने काढला. शेवटचा टप्पा गुन्नार कासेन यांच्या संघाचा. त्याचा म्होरक्या बाल्टो, सेप्पालांच्याच वाड्यातला, आणि त्यांच्या मते म्होरकेपणाला न शोभणारा. गावात औषध घेऊन शिरला तो बाल्टो, म्हणून त्याच वर्षअखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला तोही बाल्टोचा. सेप्पाला यावर आयुष्यभर नाराज होते. टोगोची यावर काही प्रतिक्रिया नोंदलेली नाही. बाल्टोनेही हिमवादळात वाट सोडली नाही हे खरेच. पण ज्याच्या हातून अखेरची फीत कापली जाते, त्याचाच फोटो छापून येतो.

ग्रीनलंडमध्ये ही सगळी मांडणी वेगळी. तिथे झाडे नाहीत, मोकळा समुद्रबर्फ आहे, म्हणून कुत्री जोडीने न बांधता प्रत्येकाला स्वतंत्र दोर देऊन पंख्यासारखी पसरतात. दोरांचा गुंता काही तासांत असा होतो की तो सोडवणे हेच अर्धे काम. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला तिथे ग्रीनलंडी कुत्र्याखेरीज दुसरे कुत्रे ठेवायलाच परवानगी नाही. डेन्मार्कच्या सैन्याचे सिरियस हे गस्तपथक ईशान्य ग्रीनलंडच्या ओसाड किनाऱ्यावर आजही दोन माणसे आणि एक कुत्रागाडी अशी गस्त घालते.

मार्चमध्ये परीक्षा. इडिटारॉड १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी सुमारे १,६०० किलोमीटर धावली जाते. आरंभी विजेत्याला वीस दिवस लागले. आता आठ-नऊ लागतात. वाटेत एक चोवीस तासांची आणि दोन आठ-आठ तासांच्या सक्तीच्या विश्रांती आहेत. त्यांचा लाभ कुत्र्यांना पुरेपूर मिळतो. ती झोपलेली असताना मशर बर्फ वितळवतो, जेवण करतो, पायांना मलम लावतो, मनगटे चोळतो, मोजे मोजतो आणि उरल्यास तासभर डोळा लावतो. सातव्या दिवसापर्यंत बऱ्याच मशरना वाटेत नसलेली घरे, माणसे आणि आगगाड्या दिसू लागतात. कुत्र्यांना असले काही होत नाही. एखादे कुत्रे दमले किंवा लंगडले तर त्याला पशुवैद्याच्या हवाली करतात आणि ते विमानाने परत जाते. माणसाला ही सोय फक्त हार मानल्यावर.

पहिला कोण हे म्होरक्याच्या नाकावर ठरते, माणसाच्या नव्हे. १९७८ साली डिक मॅकी यांनी रिक स्वेन्सन यांना चौदा दिवसांहून लांब शर्यतीत एका सेकंदाने हरवले, ते अशाच एका नाकाने. सर्वांत शेवटी येणाऱ्याला लाल कंदील बक्षीस मिळतो. पहिल्याला अलीकडे पन्नास हजार डॉलरच्या वर मिळतात. पन्नास कुत्र्यांचे वर्षभराचे खाणे, मोजे आणि औषधपाणी भागवून त्यातून श्रीमंत झालेला मशर ऐकिवात नाही. बहुतेक जण उन्हाळ्यात दुसरे काम करतात आणि अनेक जण हिवाळ्यात पर्यटकांना फिरवतात.

उत्तर नॉर्वे किंवा फिनलंडला ध्रुवप्रकाश बघायला जाणारी मराठी मंडळी आता या पर्यटकांत असतात. त्यांना गाडीमागे उभे राहण्याची संधी मिळाली तर दोनच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तोल गेला, आडवे पडलात, तरी दांडी सोडू नये. सोडलीत तर कुत्री मुक्कामी पोहोचतील आणि तुम्ही चालत याल. आणि चढ लागला की खाली उतरून गाडी ढकलावी. उभेच राहिलात तर पुढची कुत्री मान वळवून तुमच्याकडे बघतील. तुम्ही तिकिटाचे पैसे भरले आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.